बाईसाहेबांची किरकिर

अप्पांनी किल्ली फिरवली, इंजिनाने दोन आचके दिले आणि पिकअप जागी झाली. ते लगबगीने खाली उतरले, उघड्या बॉनेटपाशी आले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले.

"लोणी," ते म्हणाले. "निव्वळ लोणी."

परसात दोरीवर चादर वाळत घालणाऱ्या सूनबाईच्या हातात चादरीचं एक टोक तसंच राहिलं. तिला काही लोणी ऐकू येत नव्हतं. इंजिनाच्या घरघरीच्या वर कुठेतरी एक बारीक, चिवट आवाज चालला होता. ओल्या चपलांनी फरशीवरून चालावं तसा. थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"अप्पा, आत काहीतरी ओरडतंय," ती म्हणाली.

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. मानही हलवली नाही.

सूनबाईने चादर झटकली आणि दोरीवर टाकली. ह्याची तिला सवय होती. लग्न होऊन ह्या घरात आल्याला तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत अप्पांनी तिच्या दहा बोलण्यांपैकी चारांना उत्तर दिलं असेल. उरलेली सहा हवेत विरून जायची. भांडण नाही, तंटा नाही, वावगा शब्द नाही. नुसतं उत्तर नाही. पहिल्या वर्षी तिने नवऱ्याला विचारलं होतं, माझं काही चुकलं का? तो म्हणाला होता, त्यांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नको. मनावर घेऊ नको म्हटलं की माणूस तेवढंच मनावर घेतं. तिने आपल्या परीने कारणंही शोधली होती. तिच्या स्कूटरने पिकअपच्या शेडमधली निम्मी जागा घेतली, हे एक. ती दुपारी कामावर जाते आणि संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंवर पडतो, हे दुसरं. तिसरं कारण सापडत नव्हतं, पण असणार खास.

इतक्यात नवरा ऑफिसचे कपडे घालून, हातात डबा घेऊन बाहेर आला. त्याने गाडीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"अप्पा, पट्टा ओरडतोय तुमचा!"

"कुठाय?" अप्पांनी ताबडतोब डोळे उघडले. "मला नको शिकवू. तू रांगत होतास तेव्हापासून हिला ऐकतोय मी."

"नऊ दिवसांनी पासिंग आहे. ठरलंय ना आपलं? ह्या वेळी नापास झाली तर भंगारात."

"नापास?" अप्पांनी बॉनेटवरचा धुळीचा एक कण बोटाने उडवला. "बाईसाहेब कधी नापास झालेल्या नाहीत. नापास तू झालायस. गणितात. दोनदा."

नवरा हसत निघून गेला. पण ठरलं होतं हे खरं होतं. गेल्या वर्षी गाडी तीनदा रस्त्यात थांबली, तेव्हा सगळ्यांच्या देखत अप्पांनी मान्य केलं होतं. बाईसाहेब म्हणजे ही पांढरी पिकअप. अठ्ठावीस वर्षांची. तिच्या हौद्यातून अप्पांनी निम्म्या शहराची कपाटं, पलंग आणि टेबलं घरोघर पोचवली होती, आणि तिचं प्रत्येक काम स्वतःच्या हाताने, ह्याच परसात केलं होतं. काम थांबवून चार वर्षं झाली होती, तरी आठवड्यातून तीन सकाळी बॉनेट उघडलं जायचंच.

सूनबाई वाळलेल्या कपड्यांचे चिमटे गोळा करत होती. पत्र्याचा डबा तिच्या हातातून निसटला आणि अप्पांच्या मागे, दोन हातांवर, फरशीवर आदळला. झणझणाट असा झाला की कुंपणावरचं मांजर उडी मारून पळालं.

अप्पा हलले नाहीत. वाकून फिरता पट्टा निरखत होते, निरखत राहिले.

सूनबाई वाकलेली तशीच थांबली. तेवढ्यात बाहेरून मालाचा एक मोठा ट्रक धडधडत गेला, आणि अप्पा मान न वळवता म्हणाले, "मागच्या स्प्रिंगचा पाटा ढिला झालाय त्याचा. खड्ड्यात गेला की कळेल."

ट्रक कोपऱ्यावरच्या खड्ड्यात गेला आणि मागून खरंच खड्ड असा आवाज आला.

सूनबाई पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात काम करायची. दुपारपासून संध्याकाळपर्यंत कानावर हेडफोन लावून ती लोकांच्या तुंबलेल्या आणि फुटलेल्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची. म्हातारी माणसं तिला वारंवार म्हणायची, बाई, तुझं काही कळत नाही, तिथे कुणी पुरुषमाणूस असेल तर दे. तिला राग यायचा. शेवटी शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली होती, अगं, ते अपमान करत नाहीत. वय झालं की आधी बारीक आवाज जातात. जाड राहतात. तुझा आवाज शिट्टीसारखा. खाली उतर जरा.

डबा तिथेच ठेवून सूनबाई उठली. तिने नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अप्पा, चहा आणू?"

काही नाही. पट्ट्यावर डोळे.

तिने हनुवटी छातीला टेकवली, घसा सैल सोडला आणि नाटकातला सरदार बोलतो तसा आवाज पोटातून काढला. "अप्पा, चहा आणू?"

"आण की!" अप्पा वळून म्हणाले. "विचारतेस काय?"

सूनबाई घाईने घरात शिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून तोंडावर पदर धरून हसत सुटली. हसता हसता खाली बसली. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"काय झालं? झुरळ निघालं?"

"आई," तिने दम घेतला, "अप्पांना ऐकू येत नाही."

"त्यांना कधी ऐकू येत होतं?"

"तसं नाही. खरंच नाही येत. बारीक आवाज. माझा आवाज."

सासूबाईंनी सुरी पुन्हा उचलली. "असेल बाई. पस्तीस वर्षं मी बोलतेय आणि हे ऐकत नाहीत. आधी ऐकायचं नव्हतं, मग ऐकू येईना. मधली रेघ कुठे पडली ते मला कसं कळणार?"

आता दोघीही हसल्या. सूनबाई हसली ती वेगळ्याच कारणाने. तीन वर्षांचं ओझं कुणीतरी खांद्यावरून उचलून खाली ठेवावं, आणि आत बघावं तर कापूस निघावा, असं तिला झालं होतं.

"डॉक्टरांकडे नेऊ या का?"

सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "त्यांना म्हणू नकोस. हात मोडला असता तर सांगितलं असतं त्यांनी. कान म्हणजे... लोक लांबून गाड्या घेऊन यायचे अगं. हे डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, अमुक ठिकाणी अमुक झालंय. उघडून बघावं तर तेच. आता रोपवाटिकावाला दोनदा आला. दोन्ही वेळा सांगितलं, मला वेळ नाही. वेळ नाही म्हणे! दिवसभर शेडमध्ये डुलक्या काढतात."

सूनबाईने चहा कपात ओतला. बाहेर इंजिन चालूच होतं, आणि त्यावर ती ओल्या चपलांची चाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अप्पांपुढे जाऊन उभी राहिली. मागे नाही, पुढे, तोंड दिसेल अशी. आवाज पोटातून काढला.

"अप्पा, मला गाडीचं काम शिकवा."

"कशाला?"

"तुमच्या मुलाला एक स्क्रू पिळता येत नाही. घरात कुणाला तरी यायला हवं."

हे अप्पांना पटलं. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वेणी आत खोच. ओढणी तिकडे ठेव. पंखा काही विचारून धरत नाही."

मग त्यांनी एक लाकडी खोकं उलटं करून गाडीच्या तोंडाशी ठेवलं. "बस. हात नंतर. आधी ऐकायचं." त्यांनी इंजिन सुरू केलं. "काय ऐकू येतं?"

"आवाज."

"आवाज बाजारातही असतो. कुणाचा आवाज? कसा?" अप्पा बोटांवर मोजत सांगू लागले, आणि सूनबाईच्या लक्षात आलं की हा माणूस एका दमात इतकं बोललेला तिने कधी ऐकलंच नव्हतं. "खडखड असेल तर दोन कडक गोष्टी एकमेकींना धडकतायत. खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटून आत पडलंय. फुसफुस म्हणजे हवा पळतेय कुठून तरी. घरघर चालेल, घरघर तिचा स्वभाव आहे. किरकिर आली की समजायचं, कुणाला तरी वंगण मिळालेलं नाही."

"आणि कुरकुर?"

"कुरकुर स्वयंपाकघरात असते. तिच्यावर इलाज नाही."

स्वयंपाकघराची खिडकी धाडकन बंद झाली. ती मात्र अप्पांना ऐकू आली. ते गालात हसले.

"मग अप्पा," सूनबाई सावकाश म्हणाली, "ही किरकिर आहे."

अप्पांचं पुढचं बोट मोजायचं राहिलं. "कुठे?"

"पुढच्या बाजूला. थांबून थांबून येते."

ते तिच्याकडे बघत राहिले. कालच्यासारखं 'मला नको शिकवू' आता येईल, असं वाटून सूनबाईने खोक्याची कड धरली. पण तसं काही आलं नाही. शेडच्या भिंतीवरून हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्यांनी काढला, त्याची मूठ पुसली आणि तिच्या हातात दिला.

"टोक यंत्रावर. मूठ कानापुढच्या हाडावर. फिरत्या वस्तूला लावायचं नाही, तिच्या घराला लावायचं. इथे लाव. काय येतं?"

"सूं सूं. गोल गोल."

"डायनामो. ठीक आहे तो. आता खाली, ह्या पंपावर."

सूनबाईने टोक पंपाला टेकवलं आणि दचकून मागे सरली. तो बारीक आवाज सरळ तिच्या कवटीत शिरला होता. आता तो चपलांसारखा नव्हता, कुणीतरी दातांखाली वाळू रगडत होतं.

अप्पांनी इंजिन बंद केलं. पंखा पूर्ण थांबेपर्यंत ते थांबले. मग पंपाच्याच दांड्यावर बसलेल्या पंख्याचं एक पातं दोन बोटांत धरून त्यांनी हळूच मागेपुढे केलं. पुन्हा केलं. पातं केसभर हललं.

"आहे," ते म्हणाले. तिला नाही, पंख्याला. "वॉटर पंपाचं बेअरिंग. महिना तरी झाला असेल ह्याला." त्यांनी फडक्याने एकेक बोट पुसलं, स्वच्छ झालेलीही पुन्हा पुसली. "रस्त्यात धरलं असतं तर पंखा रेडिएटरमध्ये गेला असता. बरं झालं सांगितलंस."

पुढचे काही दिवस त्या परसात जे चाललं त्याला सासूबाई शस्त्रक्रिया म्हणत. रेडिएटरचं पाणी काढायला त्यांचाच कपडे भिजवायचा टब गेला होता, म्हणून बोलायचा हक्कही त्यांचाच होता. पट्टा निघाला, पंखा निघाला. पंपाचे तीन बोल्ट निघाले आणि चौथा गंजून बसला. सूनबाईने पान्यावर सगळं वजन टाकलं.

"अगं अगं! तोडतेस काय!" अप्पांनी तिचा हात धरला. "बोल्टशी भांडायचं नाही. तेल सोड. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा थोडा सैल. समजूत काढायची. त्यालाच वाटलं पाहिजे, आपण आपल्या मनाने निघतोय."

"माणसांनाही चालतं का हे?"

"चालतं. पण वेळ फार लागतो. बोल्ट बरा."

पाऊण तासाने बोल्ट आपल्या मनाने निघाला. सूनबाई एवढ्या जोरात ओरडली की शेजारची बाई कुंपणाशी आली.

नवा पंप मात्र कुठे मिळेना. दुकानदार म्हणाला, ह्या गाडीचा पंप मागणारे आता तुम्ही आणि तुम्हीच. अप्पा रिकाम्या हाताने घरी आले. दोन दिवस टबातल्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिले, आणि पासिंगला तीन दिवस उरले. त्या संध्याकाळी नवरा उशिरा आला. पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा भला मोठा पंजा उमटलेला, आणि ऑफिसच्या बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड त्याने स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं.

"जुन्या बाजारात चौथ्या दुकानात मिळाला," तो म्हणाला. "न वापरलेला आहे. तीन दुकानवाले मला हसले. कुणी काही बोलू नका."

कुणी काही बोललं नाही. अप्पांनी पंप हातात घेतला, त्याचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला आणि तो लेकाच्या हातात दिला. लेकानेही फिरवला. बापलेक आळीपाळीने पंप फिरवत ओट्यापाशी उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता हलवा तो. मला पोळपाट ठेवायचाय."

पाणी गळू नये म्हणून पंपाखाली घालायचं पॅकिंग अप्पांनी घरीच केलं. जाड कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि लहान हातोडीने कडेकडेने टकटक करत गेले. जिथे हातोडी लागेल तिथे कागद आपोआप कापला जाई, भोकं पडत. अर्धं झाल्यावर त्यांनी हातोडी सूनबाईकडे दिली. तिचा पहिला कागद फाटला, दुसराही फाटला. तिसरा जमला. तो उजेडात धरून, त्याच्या भोकांतून तिने अप्पांकडे पाहिलं, आणि अप्पांनी पलीकडून एक डोळा मिचकावला.

पासिंगच्या दिवशी अप्पा, नवरा आणि सूनबाई तिघंही गाडीतल्या एकाच लांब बाकावर दाटीवाटीने बसून गेले. सूनबाई मध्ये. तपासनीस तरुण आणि आंबट चेहऱ्याचा होता. गाडी बघून त्याने कागद पाहिले, मग पुन्हा गाडी, जणू दोन्हींतलं काहीतरी खोटं असणार. ब्रेक झाले, दिवे झाले, धूर झाला. त्याने बॉनेट उघडायला लावलं, वाकून आत पाहिलं आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"हा पंप कुणी बसवला?"

अप्पा पुढे झाले नाहीत. त्यांनी अंगठ्याने मागे उभ्या असलेल्या सूनबाईकडे खूण केली.

"पॅकिंगही घरचंच आहे," ती म्हणाली.

तपासनिसाच्या चेहऱ्यावरचा आंबटपणा थोडा ओसरला. "आमच्याकडे नव्या गाड्यांचीही आतली बाजू इतकी स्वच्छ येत नाही," असं पुटपुटत त्याने शिक्का मारला.

परतताना घराचं वळण आलं तरी अप्पा वळले नाहीत. सरळ गेले, मोठ्या चौकाला वळसा घातला, नदीवरचा पूल ओलांडला, तिकडून पुन्हा ओलांडला. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि काचेतून बाहेर बघत शीळ घालू लागला.

खरी गंमत पुढेच झाली.

पासिंगनंतर बाईसाहेब रोज काहीतरी नवं काढू लागल्या. सोमवारी सायलेन्सरजवळचा पत्रा थरथरू लागला. सूनबाईने ऐकलं, शोधला, नट आवळला. बुधवारी एका रबरी नळीतून फुसफुस. तिने नळी शोधली, क्लिप आवळली. शुक्रवारी डाव्या दाराजवळ टकटक. प्रत्येक वेळी अप्पा खोक्यावर बसून विचारायचे, "कुठे? कशावरून? अजून नीट ऐक," आणि सापडलं की फक्त, "हं."

"विकून टाका आता," नवरा म्हणाला. "शिक्का मिळाला आणि अंगात आलं हिच्या."

"तू गप्प बस," अप्पा आणि सूनबाई एकदमच म्हणाले.

पण पुढच्या सोमवारी एक नट आवळायला घेताना तिचा हात थांबला. नटावर धूळ होती, आणि धुळीत पान्याच्या ताज्या, चकाकत्या खुणा. ती काल इथे आलीच नव्हती. तिने इतर जागा आठवल्या. नळीच्या क्लिपवरही असंच चकाकत होतं. तिने नट आवळला आणि पाना जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर स्वयंपाकघरात आली. सासूबाई आधीच खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं.

परसात अप्पा होते. पायजम्यावर, अनवाणी. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सायीवर डोळा ठेवून निघालेल्या बोक्यासारखे गाडीजवळ गेले आणि बॉनेट अलगद उचललं. खिशातून पाना निघाला. आत हात घालून त्यांनी काहीतरी सैल केलं. किती सैल ते बोटाने हलवून पाहिलं, जरा आवळलं, पुन्हा पाहिलं. समाधान झालं तेव्हा बॉनेट श्वास धरून, इंचाइंचाने खाली आणलं, पाना खिशात गेला, आणि ते मोरीकडे तोंड धुवायला निघाले.

"आठवडाभर चाललंय," सासूबाई कुजबुजल्या. "मी म्हटलं, तुला कळेल तेव्हा कळेल."

सूनबाईला आधी हसू आलं. मग ते मध्येच थांबलं. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं ह्या गाडीतला एकही नट सैल राहू दिला नाही, तो चोरासारखा येऊन एकेक सैल करत होता. ती गॅसकडे वळली आणि चहाचं पाणी ठेवलं. शेजारच्या शेगडीवर सासूबाईंनी ठेवलेलं पाणी उकळतच होतं.

त्या दिवशी अप्पांनी सैल केलेला नट शोधायला तिने मुद्दाम वेळ लावला. अप्पा म्हणाले, "आज लक्ष नाही तुझं." ती म्हणाली, "हो, चुकलं."

मग रविवार आला. नवरा पेपर घेऊन पायरीवर बसला होता. अप्पांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि खोक्यावर बसले.

"सांग."

सूनबाईने ऐकलं. घरघर होती, तिचा स्वभाव. ती पुढून ऐकून आली, बाजूने ऐकून आली, जमिनीवर आडवी होऊन खालून ऐकून आली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन डायनामो झाला, पंप झाला. पंधरा मिनिटं झाली.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट ऐक."

"ऐकलं."

"घाई करतेस. असं कधी होतं का? एवढी जुनी गाडी. काहीतरी असणारच."

 सूनबाईने इंजिन बंद केलं, हात पुसले आणि त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"काही नाही, अप्पा. आज तुम्ही काही सैल केलेलंच नाही."

पायरीवरचा पेपर खाली आला. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आधी दाट झाल्या, मग एकेक करून सुटल्या, आणि ते असे हसू लागले की खोकं त्यांच्याखाली करकरू लागलं. हसताना डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी तेलाच्या फडक्याने पुसलं आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

"कधी कळलं तुला?" हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"नटांचं?"

अप्पांनी गाडीकडे पाहिलं. फडक्याची घडी घातली. "दोन्ही."

"नटांचं सोमवारी," ती म्हणाली. "दुसरं पंपाच्या आधी."

"मला कळून दोन वर्षं झाली," अप्पा म्हणाले. पाना किती नंबरचा ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात. "पहिल्यांदा वाटलं, गाड्याच चांगल्या झाल्या." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू बोललीस आणि मी गप्प राहिलो, असं पुष्कळदा झालं असेल."

"झालं," ती म्हणाली. "आता नाही होत."

"कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं. जाऊ. पण तू चल बरोबर. कोणता आवाज येत नाही, ते मला कसं सांगता येणार?"

घरातून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या.

अप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "त्या रोपवाटिकावाल्याला फोन लाव. दोन महिने फिरवतोय त्याला मी. म्हणावं, ये गाडी घेऊन. फोन तूच कर. मला फोनवर कुणाचं काही कळत नाही."

सूनबाईने फोन लावला. पलीकडे रोपवाटिकावाला आधी खूश झाला, मग घुटमळला.

"पण ताई, अप्पा स्वतः बघणार ना? तसा आवाज फार बारीक आहे हो. चढावर येतो फक्त. तीन ठिकाणी दाखवली, कुणालाच सापडत नाही."

"हात अप्पांचे," सूनबाई म्हणाली. "ऐकणार मी."

उत्तराची वाट बघत तिने परसाकडे पाहिलं. अप्पांनी लेकाला पायरीवरून उठवलं होतं. एक जण दाराशी, एक जण मागे, दोघं मिळून बाईसाहेबांना ढकलत कुंपणाच्या कडेला नेत होते आणि दुसऱ्या गाडीपुरती जागा करत होते.